स्प्रे गनमधून पाणी येतंय? कॉम्प्रेस्ड हवा कोरडी ठेवताना या चुका टाळा

गाडीच्या बोनेटवर क्लिअरचा (रंगावरच्या पारदर्शक, चमकदार थराचा) दुसरा हात चालू असताना गनमधून एक थेंब उडतो आणि चार दिवसांची घासाई वाया जाते. मग बहुतेक जण आणखी एक मॉइश्चर ट्रॅप (हवेतलं पाणी पकडणारी वाटी) आणून पहिल्याच्या शेजारी बसवतात. थेंब तरीही येतात. ट्रॅप बहुतेक वेळा बरा असतो, त्याची जागा चुकलेली असते. हवा आधी थंड करायची, मग पाणी वेगळं काढायचं आणि शेवटी उरलेली वाफ शोषायची. हा क्रम मोडला की महागातला फिल्टरही कामाला येत नाही.

पाणी किती असतं?

कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात 30 अंश तापमान आणि 80 टक्के आर्द्रता ही रोजची गोष्ट. अशा एक घनमीटर हवेत सुमारे 24 ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात असतं. कॉम्प्रेसर तीच हवा 7 बारपर्यंत, म्हणजे साधारण 100 पाउंडांना, दाबतो. तिचं आकारमान आठव्या हिश्श्यावर येतं. पुन्हा 30 अंशांवर आल्यावर त्या हवेत जेमतेम 4 ग्रॅम वाफ मावते, उरलेले 20 ग्रॅम पाणी होऊन पडतात. 2 एचपीचा कॉम्प्रेसर खरोखर 6 सीएफएम (मिनिटाला 6 घनफूट) हवा देत असेल, तर तासाला सुमारे 10 घनमीटर हवा दाबली जाते आणि सुमारे 200 मिली पाणी निघतं. पुण्यात थंडीतल्या 15 अंशांच्या कोरड्या सकाळी हाच आकडा 50 मिलीच्या आसपास येतो. म्हणून डिसेंबरात बिनतक्रार चालणारी जोडणी जुलैत दगा देते.

ट्रॅप कॉम्प्रेसरच्या तोंडाशीच बसवणं

सगळ्यात जास्त नुकसान ही चूक करते, आणि दुकानातून कॉम्प्रेसर येतो तेव्हा ट्रॅप बहुधा तिथेच बसवलेला असतो. ट्रॅप हवेला गोल फिरवून थेंब बाजूला फेकतो. त्याला फक्त थेंब पकडता येतात, वाफ नाही. कॉम्प्रेसर अर्धा तास चालला की टाकीला चटका बसायला लागतो. आतली हवा 60 अंशांची असेल, तर वरच्या हिशेबातल्या 24 ग्रॅमपैकी 16 ग्रॅम पाणी वाफ म्हणूनच ट्रॅपमधून आरपार जातं. पुढे होस पाइपमध्ये हवा थंड होते, तिथे थेंब धरतात आणि ते थेट गनमध्ये येतात. ट्रॅपची वाटी कोरडी दिसते, म्हणून शंका दुसरीकडेच जाते.

उपाय म्हणजे टाकी आणि ट्रॅप यांच्यामध्ये किमान 8 ते 10 मीटर धातूचा पाइप टाका. तांब्याचा उत्तम. जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) चालतो, पण काही वर्षांत आतून गंजाचे पापुद्रे सुटतात, म्हणून त्याच्यापुढे 5 मायक्रॉनचा फिल्टर हवाच. पाऊण इंची पाइपात हवा सावकाश जाते आणि चांगली थंड होते. टाकीपासून पाइपापर्यंत एक लवचिक होस ठेवा, नाहीतर कॉम्प्रेसरच्या थरथरीने सांधे सैल होतात.

पाइपाला दर मीटरला एक सेंटिमीटर उतार द्या आणि सर्वांत खालच्या टोकाला एक उभा तुकडा सोडून त्याच्या तळाशी बॉल व्हॉल्व्ह लावा. गनसाठीची जोडणी मुख्य पाइपाच्या वरच्या बाजूने काढून मग खाली वळवा. खालच्या बाजूने काढली तर पाइपाच्या तळाशी वाहणारं सगळं पाणी गनकडेच येईल.

पीव्हीसी पाइप स्वस्त मिळतो, चिकटवायलाही सोपा असतो. तरीही तो इथे वापरू नका. तो गळत नाही, फुटतो, आणि फुटताना त्याचे धारदार तुकडे उडतात. उष्णतेने आणि वयाने तो आणखी ठिसूळ होतो. घरात मुलं वावरत असतील तर याबाबतीत जराही तडजोड नको.

रेग्युलेटर (गनसाठी दाब कमी करणारा व्हॉल्व्ह) ट्रॅपच्या नंतर लावा. दाब जास्त असतो तेव्हा पाणी सहज वेगळं होतं. 7 बारची ओलीचिंब हवा त्याच तापमानाला 2 बारवर आणली की तिची आर्द्रता 40 टक्क्यांच्या आत येते. हा कोरडेपणा फुकट मिळतो. आधी रेग्युलेटर आणि मग ट्रॅप असं केलं की तो हातचा जातो.

जागा नसेल तर बर्फाची बादली

सोसायटीच्या पार्किंगमध्ये 10 मीटर पाइप लावायला भिंत कुठून आणणार? एसीच्या कामाला लागतो तो अर्धा इंची मऊ तांब्याचा पाइप 10 मीटर घ्या आणि मोठ्या बादलीत बसेल असं वेटोळं करा. हवा वरून आत यावी आणि पाइप गोल फिरत खाली उतरावा. बादलीच्या तळाजवळ भोक पाडून, रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसणारी रिंग) लावून पाइप तिथूनच बाहेर काढा आणि लगेच ट्रॅप जोडा. पाइप पुन्हा वर नेऊन बादलीच्या काठावरून काढला तर पाणी तळाच्या वळणात साचतं आणि अचानक घोटभर पाणी एकदम पुढे ढकललं जातं.

बादलीत बर्फ आणि पाणी दोन्ही हवं. नुसत्या बर्फाचा पाइपाला नीट स्पर्श होत नाही. हवा 7 अंशांपर्यंत उतरली की घनमीटरमागे 4 ऐवजी 1 ग्रॅमच वाफ उरते, आणि पुढे होसमध्ये ती पुन्हा कोमट झाली की चांगली कोरडी होते. 10 सीएफएमची गन सलग तासभर चालली तर सुमारे 2 किलो बर्फ वितळतो. बाहेरून बादलीत शिरणारी उष्णता धरून 3 किलो आणा. मीठ मात्र टाकू नका. तापमान शून्याखाली गेलं की पाइपातच बर्फ धरतो आणि हवा अडते.

छोट्या कॉम्प्रेसरला न थांबता पळवणं

बऱ्याच एचव्हीएलपी (जास्त हवा, कमी दाब) गनना 10 ते 12 सीएफएम हवा लागते. 50 लिटर टाकीचा 2 एचपी कॉम्प्रेसर तेवढी देत नाही. तो थांबतच नाही, तापत जातो आणि टाकीत पाणी बसायला उसंत मिळत नाही. एका वेळी एकच पॅनेल मारा, रंगाच्या दोन हातांच्या मधल्या वेळात टाकी गार होऊ द्या, किंवा कमी हवा खाणारी एलव्हीएलपी गन घ्या. कॉम्प्रेसर कोपऱ्यात भिंतीला चिकटवून ठेवू नका, त्याच्या फिनला (उष्णता बाहेर टाकणाऱ्या पात्यांना) वारा लागला पाहिजे.

टाकी रोज, काम संपल्यावर, 1-2 बार दाब शिल्लक असताना ड्रेन कॉक उघडून रिकामी करा. कॉम्प्रेसर कॉकच्या बाजूला किंचित कललेला असू द्या. निघालेलं पाणी दुधाळ असेल तर त्यात तेल मिसळलंय. तांबूस असेल तर टाकी आतून गंजतेय, आणि बाहेरून रंग शाबूत असला तरी पत्रा पातळ होत असतो. अशी टाकी तपासून घेतल्याशिवाय वापरू नये.

सिलिका जेलवर सगळा भार टाकणं

सिलिका जेल, म्हणजे वाफ शोषणारे दाणे, हा शेवटचा टप्पा आहे. त्यात थेंब शिरले की दाणे तडकतात आणि भुकटी होते. म्हणून त्याच्याआधी ट्रॅप आणि नंतर 5 मायक्रॉनचा फिल्टर लावा. 1 किलो जेल व्यवहारात 150 ते 200 ग्रॅम पाणी धरतं. 10 सीएफएमच्या गनला 30 अंशांच्या हवेतून तासाला 65 ग्रॅमच्या आसपास वाफ येते, म्हणजे ट्रिगर दाबलेले दोन-तीन तास झाले की जेल संपलं. बर्फाच्या बादलीनंतर लावलं तर तेच जेल नऊ-दहा तास चालतं.

निळे दाणे ओले झाले की गुलाबी होतात. त्यांतला रंग कोबाल्ट क्लोराइडचा असतो आणि तो आरोग्याला घातक आहे, म्हणून नारिंगी दाणे घ्या. सुकवायला ताटात पातळ पसरून 110 ते 120 अंशांवर दोन-तीन तास ठेवा. जास्त तापवले तर रंग बदलण्याचा गुण जातो. स्वयंपाकाचा ओव्हन यासाठी वापरू नका. सुकलेलं जेल घट्ट झाकणाच्या बरणीत भरा, पावसाळ्यात उघडं राहिलं तर बसल्या जागी पाणी ओढून घेतं.

तेलाची आणि रंगाची लाइन एकच ठेवणं

हवेवर चालणाऱ्या सँडरला आणि इम्पॅक्ट रेंचला तेल लागतं, म्हणून एफआरएल युनिटमध्ये (फिल्टर, रेग्युलेटर आणि लुब्रिकेटर यांचा एकत्र संच) हवेत तेल सोडणारा लुब्रिकेटर असतो. रंगाच्या लाइनमध्ये तो कधीही नको. एकदा तेल गेलेला होस धुऊन साफ होत नाही. रंगासाठी वेगळा होस ठेवा, त्यावर रंगीत टेप गुंडाळा आणि तो दुसऱ्या कुणालाही देऊ नका.

दोष ओळखण्यात गल्लत

सगळाच दोष हवेचा नसतो. कड उचललेले गोल खड्डे म्हणजे फिश आय, ते तेलामुळे किंवा सिलिकॉनयुक्त पॉलिशमुळे होतात. पावसात एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंग मारल्यावर अख्ख्या पॅनेलवर सारखा पांढुरका धूसरपणा आला, तर ते बाहेरच्या दमट हवेचं काम आहे. थिनर उडताना पत्रा गार होतो आणि त्यावर दव बसतं. तिथे सावकाश उडणारा थिनर वापरा किंवा उघडीप मिळेपर्यंत थांबा. जाड हात बसलेल्या जागीच बारीक भोकं दिसली तर थिनर अडकलाय. इथेतिथे विखुरलेले फुगे किंवा डाग असतील तर मात्र लाइनमधलं पाणी समजा. टू-के (हार्डनर मिसळून वापरायच्या) क्लिअरमधला हार्डनर पाण्याशी भिडला की कार्बन डायऑक्साइड सुटतो, त्याने भोकं पडतात आणि चमक जाते. याच हार्डनरमधले आयसोसायनेट फुफ्फुसांना फार वाईट, कापडी मास्कने ते अडत नाहीत. बाहेरून ताजी हवा पुरवणारा मास्क हाच खरा बचाव आहे.

पत्र्यापर्यंत घासलेल्या जागेवर ओली हवा मारून धूळ उडवणं, आणि पॉलिएस्टर पुट्टी पाण्याने घासणं, या दोन सवयी मोडा. पुट्टी पाणी पिते आणि ते प्रायमरखाली अडकतं.

रंग भरण्याआधी आरसा घ्या. कॉम्प्रेसर दहा मिनिटं चालवून टाकी तापू द्या, मग रिकाम्या स्वच्छ गनने 30 सेंटिमीटरवरून अर्धा मिनिट हवा मारा. पहिल्या मिनिटातली चाचणी धरू नका, तेव्हा टाकी गार असते आणि हवा नेहमीच कोरडी वाटते. आरशावर एकही ठिपका दिसला तर रंग कालवू नका.

काम चालू असताना थेंब पडलाच, तर पुसायला जाऊ नका. पुसल्याने डाग पसरतो. थेंब फक्त क्लिअरमध्ये असेल तर पूर्ण सुकू द्या, 1500 च्या पेपरने पाण्यात घासा आणि पॉलिश करा. बेस कोटमध्ये (क्लिअरखालच्या रंगाच्या थरात) गेला असेल तर सुकल्यावर 800 ने घासून बेस पुन्हा मारा. काही आठवड्यांनी फुगा आला आणि फोडल्यावर आत तांबूस दिसलं, तर ती जागा पत्र्यापर्यंत उघडा, गंज पूर्ण काढा आणि इपॉक्सी प्रायमरपासून सुरुवात करा.