आधी पडका कोट पाहा: ख्रिस्ती पुढाऱ्याने आशा कशी जपावी

सकारात्मक राहायचे म्हणजे वाईट बातमीकडे पाठ फिरवायची, असे नाही. बायबलमधल्या यिर्मयाच्या पुस्तकाच्या २८व्या अध्यायातला संदेष्टा हनन्या सांगत होता की बाबेलचे जू, म्हणजे बाबेलच्या राजाची सत्ता, दोन वर्षांत मोडेल. ऐकायला गोड, पण देवाने त्याला पाठवलेच नव्हते. असा पोकळ धीर फार घातक, कारण पुढच्या वेळी लोक खऱ्या आशेवरही विश्वास ठेवत नाहीत.

यरुशलेमेचा कोट पुन्हा बांधणारा बायबलमधला पुढारी नहेम्या त्या नगरात आल्यावर तीन दिवसांनी रात्री मोजकी माणसे घेऊन पडका कोट पाहून आला. मग लोकांपुढे आधी दुर्दशा मांडली, नंतर देवाचा वरदहस्त कसा होता ते सांगितले. तेव्हा लोकच म्हणाले, चला, बांधू या. मंडळीच्या (चर्चच्या) सभेत हाच क्रम ठेवा. सुरुवातीला नेमके आकडे: निधी किती कमी आहे, किती जण येईनासे झाले. मग गेल्या वर्षभरात देवाने केलेल्या दोन-तीन ठोस गोष्टी. शेवटी एकच काम, ते करणाऱ्याचे नाव आणि तारीख. स्तुतीने सुरुवात करून अडचण शेवटी पुटपुटलात, तर काहीतरी लपवताय असेच वाटेल.

स्वतःसाठी रोज सकाळी दहा मिनिटे आणि एक वही पुरे. स्तोत्र १३ फक्त सहा वचनांचे आहे: आधी तक्रार, मग मागणी, शेवटी भरवसा. तसेच लिहा. तक्रार मात्र गाळू नका. देवापुढे न बोललेली तक्रार संध्याकाळी घरच्यांवर निघते. फिलिप्पै ४:६ मागणीबरोबर आभारप्रदर्शनही सांगते, आणि प्रेषित पौलाने ते बंदिवासातून लिहिले. आभार मोघम नकोत, माणसाचे नाव आणि त्याने केलेले काम लिहा.

तरी मन उठत नसेल तर १ राजे १९ वाचा. मरण मागणाऱ्या एलीया संदेष्ट्याला देवाने आधी झोप आणि दोनदा अन्न दिले, बोलणे नंतर. उदासी दोन आठवडे हटली नाही तर डॉक्टरांकडे जा. त्यात विश्वासाची उणीव नाही. मरणाचे विचार येत असतील तर एक दिवसही थांबू नका.

कोट बांधताना विरोध झाला तेव्हा नहेम्याच्या लोकांनी प्रार्थना केली आणि पहारेही बसवले. शत्रूंनी नहेम्याला चार वेळा भेटीला बोलावले. चारही वेळा त्याने तेच उत्तर पाठवले, मी मोठ्या कामात आहे, येऊ शकत नाही. कोट ५२ दिवसांत पुरा झाला. तुमचेही उत्तर एकदाच विचारपूर्वक लिहून ठेवा आणि दर वेळी तेच द्या.