नागपूरच्या गच्चीवर भाजी लावायची तर आधी उन्हाळ्याचा विचार करा

पुण्या-मुंबईचे व्हिडिओ बघून कुंड्या आणायला धावू नका, त्यांचं ऊन वेगळं अन् आपलं वेगळं. इथं मे महिन्यात पारा 45 च्या आसपास असतो, वरून स्लॅब तापतो, म्हणजे बाग नवतपातून (मेअखेरच्या सगळ्यात तापलेल्या नऊ दिवसांतून) काढली की बाकी सगळं जमतं.

सुरुवात जूनच्या मधात करा, पाऊस नीट लागला की भेंडी, चवळी, गवार, दोडका, अंबाडी. ऑक्टोबरात सांभार (कोथिंबीर), पालक, मेथी, टमाटर. मार्चनंतर टमाटरच्या नादी लागूच नका, दिवसा 35 च्या वर अन् रात्रीही गरम असलं की फुलं येतात अन् गळून जातात, खत टाकून काही होत नाही.

कुंडीत नुसती काळी माती भरू नका. ओली झाली की चिखल, सुकली की भेगा, अन् पाणी कडेनं खाली निघून जातं. एक भाग काळी माती, एक भाग कंपोस्ट, एक भाग धानाचं तूस किंवा कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) असं मिसळा. तूस भंडारा-गोंदियाकडच्या राइस मिलमध्ये मिळतं, तिकडून कोणी येत असलं तर एक पोतं मागवून घ्या. अन् वजनाचं लक्षात ठेवा, ओली माती घनमीटरला दीड टनाच्या वर जाते, म्हणजे फूटभर जाडीचा वाफा चौरस मीटरला साडेचारशे किलो! म्हणून गच्चीवर वाफे नको, ग्रो बॅग अन् पेंटच्या बादल्या, त्याही बीमच्या रेषेत. बिल्डिंग जुनी असली तर आधी इंजिनिअरला दाखवा.

आता पाणी, यातच लोक फसतात. एसीच्या पाइपातून टपकणारं पाणी बिनधास्त झाडांना घाला, त्यात क्षार जवळपास नसतातच. आरओचं वाया जाणारं पाणी कुंडीत नको, त्यात क्षार जास्त. अन् कूलरच्या टाकीत उरलेलं पाणीही नको, दिवसभर पाणी उडून जातं पण क्षार टाकीतच राहतात, ते रोज कुंडीत गेलं की पानांच्या कडा जळतात अन् आपण म्हणतो ऊन लागलं. कूलरचं जुनं गवत मल्चिंगला, म्हणजे मातीवर झाकण म्हणून पसरायला, चालतं, पण पांढरा थर बसलेला असला तर फेकून द्या. मोठ्या टबात मधोमध छोटं मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरून पाणी भरून झाकण ठेवा, ते हळूहळू झिरपतं अन् एखाद दिवस गावाला गेलात तरी चालतं (मडकं बिनरंगाचंच घ्या, रंगवलेलं झिरपत नाही).

फेब्रुवारी-मार्चमध्ये सिव्हिल लाइन्स, रामदासपेठेत रस्त्याच्या कडेला पानांचे ढीग पडतात, ते कोणी जाळायच्या आत पोत्यात भरून आणा. निम्मी पानं कुंडीवर 2-3 इंच थर म्हणून, निम्मी कंपोस्टच्या ड्रमसाठी. ड्रमला भोकं पाडा, एक डबा ओला कचरा तर दोन डबे पानं, आठवड्यातून एकदा हलवा, दोन-तीन महिन्यांत खत होतं. वास यायला लागला की पानं कमी पडली समजा. संत्र्याची सालं टाका, पण बारीक करून अन् थोडीथोडी, पोतंभर एकदम नको.

जागा लावताना पश्चिमेकडून विचार करा, दुपारनंतरचं ऊन तिकडूनच मारतं. तिकडं मोठ्या ड्रममध्ये शेवगा नाहीतर गोडलिंब (कढीपत्ता), जाळीवर दोडका, त्यांच्या सावलीत पालक अन् पुदिना. चवळी मधेमधे पेरत राहा, मुळांच्या गाठीतून जमिनीला नत्र मिळतं.

मार्चअखेर 50 टक्के ऊन अडवणारी ग्रीन नेट 6-7 फुटांवर ताणा, बाजू मोकळ्या ठेवा म्हणजे हवा खेळते, अन् दोरी पक्की बांधा, मे महिन्यातल्या वादळात सैल नेट शेजाऱ्याच्या गच्चीवर जाऊन पडते. पाऊस लागला की नेट काढून घडी घालून ठेवा, नाहीतर भेंडी नुसतीच उंच वाढते अन् फळ धरत नाही.