सकाळी सव्वासहाची मॅच आणि आपली झोप

मे महिन्यात मुंबईत सूर्य सहा वाजून काही मिनिटांनी उगवतो आणि मुलुंडच्या आमच्या बिल्डिंगच्या कंपाउंडमध्ये सव्वासहाला टॉस होतो. टॉस म्हणजे चपटा दगड, एका बाजूला थुंकी, ‘ओला की सुका?’ त्याचा आवाज येत नाही. पुढे मुलांचं जे क्रिकेट सुरू होतं, त्याचा दुसऱ्या मजल्यापर्यंत येतो. माझी रात्रपाळी असते, झोपायला दोन वाजतात. गेल्या चार वर्षांत या विषयावर मी दोन भांडणं केली, एक नोटीस लावून घेतली आणि एकदा माफी मागितली. भांडणांचा आणि नोटिशीचा काडीचा उपयोग झाला नाही. कशाचा झाला, ते क्रमानं सांगतो.

आधी एक हिशेब समजून घ्या. मुलं एवढ्या सकाळी खाली का येतात? कारण नऊ वाजता पेव्हर ब्लॉक तापतात आणि संध्याकाळी गाड्या परत येऊन पीचवर उभ्या राहतात. मैदान जवळ असलं तरी तिथे मोठ्या मुलांच्या टीमनी जागा धरलेली असते. शाळा सुरू झाल्यावर हे थांबेल असं समजू नका. 2024 मध्ये राज्य सरकारनं चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवायला सांगितलं. जे पोर सहालाच टुणकन उठतं, त्याला आता रोज दोन तास मोकळे मिळतात. तेव्हा ‘खेळू नका’ हे डोक्यातून काढूनच टाका. बोलायचं ते वेळेबद्दल, जागेबद्दल आणि बॉलबद्दल.

आठवडाभर नुसतं ऐका

उशाशी कागद ठेवा. जाग आली की वेळ लिहा आणि नेमकी कशानं आली तेही लिहा. माझ्या कागदावर एका सोमवारी असं होतं: 6.20 गेट. 6.34 गेट. 6.41 आउट-नॉटआउटवरून भांडण. 6.50 गेट. सहा दिवसांचं वाचून काढलं तेव्हा लक्षात आलं की मुलांच्या ओरडण्यानं मला फक्त दोनदा जाग आली होती. बाकी सगळं पाप गेटचं. स्टंप लोखंडी गेटला टेकून लावलेले, त्यामुळे प्रत्येक सुटलेला बॉल धाडकन पत्र्यावर. चार वर्षं मी मुलांवर चिडत होतो आणि माझी झोप उडवत होतं गेट.

उपाय दोन मिनिटांचा निघाला. पीच उलटं फिरवलं. आता स्टंपांच्या मागे मेंदीचं कुंपण आहे. बॉल तिथेच अडकतो, लांब पळावं लागत नाही म्हणून कीपरही खूश.

तुमच्याकडे दुसरं काही निघेल. कुणाकडे सायकलची घंटा, कुणाकडे मित्राला सहाव्या मजल्यावरून खाली बोलावण्यासाठी मारलेली हाक. (यावर इंटरकॉम हा उपाय आहे, पण तो कुठल्याच मुलाला माहीत नसतो.) बिल्डिंग इंग्रजी यू आकाराची असेल तर मधलं कंपाउंड विहिरीसारखं घुमतं. अशा वेळी खेळ चार पावलं बाहेरच्या बाजूला सरकला तरी फरक पडतो. पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या छतावरच्या मोकळ्या जागेत, बास्केटबॉल आपटत असतील तर मात्र प्रकरण वेगळं. तो दणका हवेतून कमी आणि स्लॅबमधून जास्त येतो, त्यामुळे खिडकी बंद करून किंवा कानात बोळे घालून फारसं साधत नाही. तिथे जागा तरी बदलायला हवी, नाहीतर खाली जाड रबरी मॅट तरी हवी.

बोलायचं मुलांशी, आणि खाली उतरून

गॅलरीतून ओरडू नका. मी ओरडलो होतो, तेही बनियनवर. पोरं तीन मिनिटं गप्प झाली आणि मग सबंध सुट्टी माझं नाव ‘सायलेंट काका’ पडलं. वरून आलेली आरोळी मुलांच्या लेखी आणखी एक कॉमेंटरी असते.

सकाळी तर जाऊच नका. अर्धवट झोपेत माणूस जे बोलतो, ते नंतर निस्तरावं लागतं. संध्याकाळी, मुलं दमून कट्ट्यावर बसलेली असताना जा. बॅट कुणाची आहे ते बघा. बॅटवाल्याचा शब्द चालतो, वयानं सगळ्यात मोठा असलेल्याचा चालेलच असं नाही. आमचं बोलणं साधारण असं झालं:

‘सकाळी कितीला सुरू करता रे?’

‘सहा. म्हणजे सव्वासहा.’

‘मी दोनला झोपतो. सात केलंत तर?’

‘सातनंतर बॅटिंगला डोळ्यांवर ऊन येतं, काका.’

हे खरं होतं. मी खाली उभं राहून पाहिलं नसतं तर मला कधीच कळलं नसतं. मग तोड निघाली. साडेसहाला यायचं, पण सात वाजेपर्यंत फक्त कॅचिंग आणि बोलिंग, बॅट नाही. सातनंतर मॅच, पण पहिला अर्धा तास अपील तोंडानं करायचं नाही, नुसता हात वर. हा शेवटचा नियम त्यांनीच काढला. दहातले सात दिवस पाळतात. उरलेल्या तीन दिवशी कुणाचा तरी चुलतभाऊ डोंबिवलीहून राहायला आलेला असतो, त्याला नियम माहीत नसतात.

बॉलचंही बोलून घ्या. रबरी बॉलपेक्षा टेनिस बॉलचा आवाज बसका येतो आणि कारची काचही वाचते. मी सहा टेनिस बॉल आणून दिले. एका भांडणापेक्षा नक्कीच स्वस्त पडले.

मग आईवडील

मुलांशी बोलून पंधरा दिवसांत फरक पडला नाही तरच ही पायरी. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हा विषय चुकूनही काढू नका. तिथे अर्ध्या तासात पार्किंग, कबुतरं आणि मागच्या वर्षीचा रंगकामाचा खर्च निघतो आणि झोप बाजूलाच राहते. लिफ्टमध्ये चारचौघांत तर नकोच. घरी जा, दारातच बोला, पाच मिनिटांत निघा. ‘तुमचा मुलगा फार धिंगाणा घालतो’ म्हटलं की समोरची आई तिथल्या तिथे वकील होते. ‘वहिनी, सकाळी गेटचा आवाज वर फार येतो हो, सातपर्यंत जरा सांभाळायला सांगाल का?’ असं म्हटलं तर बहुतेकदा आतूनच ‘ऐकलंस का रे’ अशी हाक जाते.

आणखी एक. तक्रारीचं बोट पहिल्यांदा भाडेकरूंच्या मुलांकडे वळतं, हे मी आमच्याच बिल्डिंगमध्ये पाहिलंय. कोण काय करतं ते स्वतः पाहिल्याशिवाय कुणाच्या दारात जाऊ नका. मी गेलो होतो. ते पोर त्या आठवड्यात गावाला होतं. माफी मागितली म्हणालो ना, ती हीच.

कमिटीकडे जाताना

सेक्रेटरींना तोंडी सांगितलेलं जिना उतरेपर्यंत विसरलं जातं. साधं पत्र द्या आणि प्रतीवर पोच घ्या. त्याआधी आपल्या सोसायटीच्या उपविधींत (म्हणजे बायलॉजमध्ये) मोकळ्या जागेच्या वापराबद्दल काय लिहिलंय ते वाचा. पत्रात बंदी मागू नका, वेळ आणि जागा मागा: सातच्या आधी बॅट-बॉल नको, गेट आणि तळमजल्याच्या खिडक्यांपासून लांब खेळावं, दहावी-बारावीच्या परीक्षांच्या दिवसांत आणखी थोडं सांभाळावं. घरात तान्हं बाळ, आजारी माणूस किंवा रात्रपाळी असलेली आणखी दोन-तीन कुटुंबं सापडली तर त्यांच्याही सह्या घ्या. वार्षिक सभेची वाट पाहू नका, ती 30 सप्टेंबरपर्यंत कधीही होते आणि तोवर सुट्टी संपलेली असते. कमिटीच्या महिन्याच्या मीटिंगमध्येच विषय घ्यायला सांगा, आणि ठरवताना दोन मुलांनाही बोलवायला लावा.

‘येथे खेळण्यास सक्त मनाई आहे’ ही पाटी मी लावून घेतली होती. पत्र्याची होती. मुलांनी तिला स्टंप केलं.

वॉचमनला पोलीस करू नका. बिचारा मुलांना हाकलतो, मग मुलांचे वडील त्याला झापतात.

कायदा कुठवर पुरतो

ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 सालचे आहेत. त्यांत रात्र म्हणजे रात्री 10 ते सकाळी 6. निवासी भागासाठी मर्यादा दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल. म्हणजे सव्वासहाची मॅच कायद्याच्या घड्याळात दिवसाच होते. मोबाइलवरच्या अ‍ॅपनं आवाज मोजून पुरावा म्हणून फिरवू नका, ती मोजणी भरवशाची नसते. खिडकी दुरुस्तीच्या आधी आणि नंतर किती फरक पडला, एवढं पाहायला ते अ‍ॅप ठीक आहे. पोलिसांना बोलवायचा 112 नंबर मध्यरात्रीच्या डीजेसाठी ठेवा. आमच्याकडे एका काकांनी मुलांना ‘पोलिसांत देतो’ म्हणून दम भरला होता. त्यांतलं धाकटं सहा वर्षांचं. सात वर्षांखालच्या मुलाचं कुठलंच कृत्य कायद्यानं गुन्हा ठरत नाही, हे त्यांना कुणीतरी तिथेच ऐकवलं.

घरात काय करता येईल

पलंग फिरवा. खिडकीपाशी डोकं असेल तर ते आतल्या भिंतीकडे न्या, फुकटात होतं. सरकत्या काचेच्या खिडक्यांना कडेनं बारीक केसाळ पट्टी असते. ती झिजली की फटीतून वारा येतो आणि त्याच वाटेनं आवाजही. खिडक्यांचं काम करणारा कारागीर ती तासाभरात बदलून देतो. दुहेरी काचेची खिडकी उत्तम, पण खर्चाची. आणि मे महिन्यात एसीशिवाय खिडकी बंद करून झोपायचं म्हणजे इडलीपात्रात झोपणं. जाड पडद्यानं उजेड अडतो, आवाज फारसा अडत नाही. त्यापेक्षा टेबलफॅन चालू ठेवा, त्याच्या एकसुरी घरघरीत बारीकसारीक आवाज बुडून जातात.

कानातले फोमचे बोळे बहुतेक जण चुकीचे घालतात आणि मग ‘काही उपयोग नाही’ म्हणतात. हात धुवा. बोळा बोटांत फिरवून अगदी बारीक वात करा. दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागे ओढा, वात आत सारा आणि ती फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटानं धरून ठेवा. बाहेर लोंबत राहिला तर तो बसलेला नाही. कान दुखत किंवा वाहत असेल तर घालू नका. गजर ऐकू येणार नाही, म्हणून फोन व्हायब्रेटवर ठेवून उशीखाली सारा.

आता जूनचं आधीच बघून ठेवा. पाऊस लागला की कंपाउंडमधली मॅच खालच्या स्टिल्ट पार्किंगमध्ये सरकते. तिथे डोक्यावर स्लॅब असतो आणि एक टप्पाही दहा टप्प्यांसारखा घुमतो. आमच्या मुलांशी मी यंदा मे संपायच्या आतच बोललो. पावसात सकाळी कॅरम, क्लब हाउसची किल्ली वॉचमनकडे, स्ट्रायकर माझा.