‘कॅल्क्युलस’ दिसला की या चुका टाळा

सोनोग्राफीचा रिपोर्ट भाषांतराच्या अ‍ॅपमध्ये टाकला, तर ‘मूत्रपिंडात कलनशास्त्र’ असंही उत्तर येऊ शकतं, कारण ‘कॅल्क्युलस’ हे गणिताच्या एका शाखेचंही नाव, मराठीत कलनशास्त्र. हसण्यासारखं असलं तरी घोटाळा अ‍ॅपचा एकट्याचा नाही. लॅटिनमध्ये ‘कॅल्क्युलस’ म्हणजे बारीक खडा. रोमन लोक खडे सरकवून हिशेब करत, म्हणून हा शब्द गणितात गेला. वैद्यकात मात्र तो खडाच राहिला.

रिपोर्ट वाचताना होणारी नेहमीची चूक म्हणजे तेवढा एक शब्द पाहून धसका घेणं. बऱ्याचदा तिथे ‘नो एव्हिडन्स ऑफ कॅल्क्युलस’ असं लिहिलेलं असतं, म्हणजे खडा दिसलेला नाही. घाईत तो ‘नो’ नजरेतून सुटतो. शेजारचा शब्द जागा सांगतो: ‘रीनल’ म्हणजे मूत्रपिंडातला, ‘युरेटेरिक’ म्हणजे मूत्रवाहिनीतला, ‘व्हेसिकल’ म्हणजे मूत्राशयातला. ‘कॅल्क्युलाय’ हे नुसतं अनेकवचन, वेगळा आजार नव्हे. आकड्यापुढचं एककही बघा. ०.६ सेंमी आणि ६ मिमी एकच.

जागा न पाहता उपाय सुरू करणं जास्त महागात पडतं. ‘पाणी पी, पडून जाईल’ हा सल्ला मुतखड्याचा. पित्ताशयातला खडा पाण्याने वाहून जात नाही, कारण पित्ताशयाचा लघवीच्या मार्गाशी संबंधच नाही. उलट ५ मिमीपेक्षा लहान मुतखडे बहुधा आपोआप पडतात आणि श्रेय त्या आठवड्यात घेतलेल्या काढ्याला मिळतं! खड्याच्या दुखण्याबरोबर थंडी-ताप आला किंवा लघवी अडली, तर मात्र काढा बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

‘कॅल्क्युलस म्हणजे कॅल्शियम, मग दूध बंद’ हा समज सगळ्यात चिवट. दोन्ही शब्दांचं मूळ चुनखडीच्या लॅटिन नावात आहे, हे खरं. बहुतेक मुतखडे कॅल्शियम ऑक्सॅलेटचे असतात, हेही खरं. पण जेवणातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्सॅलेटला धरून ठेवतं. ते कमी केलं की ऑक्सॅलेट जास्त शोषलं जातं आणि खड्याचा धोका वाढतो. शिवाय काही मुतखडे युरिक ॲसिडचे असतात आणि पित्तखडे बरेचदा कोलेस्टेरॉलचे. खडा पडलाच तर फेकून न देता तपासायला द्या. पथ्य त्यावरून ठरतं.

दातांच्या डॉक्टरांनी ‘कॅल्क्युलस’ लिहिलं असेल, तर ते कीटण. प्लाक हा मऊ थर, तो ब्रशने निघतो. लाळेतल्या क्षारांनी तो कडक झाला की ब्रश कितीही जोरात घासला तरी उपयोग नाही, हिरड्याच सोलल्या जातात. पिन किंवा सुरीच्या टोकाने खरवडायच्या फंदात तर पडूच नका. स्केलिंगनंतर, म्हणजे डॉक्टरांनी कीटण काढल्यावर, दातांत फटी ‘पडल्या’ असं वाटतं, पण त्या बहुधा आधीच असतात, कीटणाने भरलेल्या. (हा थर इतका टिकाऊ, की जर्मनीतल्या डालहाइम इथे पुरलेल्या मध्ययुगीन स्त्रीच्या कीटणात लाजवर्दी निळ्या रंगाचे कण सापडले. ती हस्तलिखितं रंगवत असावी, असा संशोधकांचा अंदाज आहे.)

गणितात शिरल्यावरही प्रत्येक कॅल्क्युलस न्यूटन-लायब्निट्झचा, म्हणजे विकलन-संकलनाचा, नसतो. ‘लॅम्डा कॅल्क्युलस’ गणितज्ञ अलोंझो चर्च यांनी १९३०च्या दशकात मांडला. त्यात ना विकलन, ना संकलन. तिथे आणि तर्कशास्त्रातल्या ‘प्रपोझिशनल कॅल्क्युलस’मध्ये अर्थ एवढाच, की ठरलेल्या नियमांनी चिन्हं हाताळण्याची पद्धत. प्रोग्रॅमिंग शिकायला निघालेल्यांनी ‘लॅम्डा कॅल्क्युलस’ हे नाव पाहून डेरिव्हेटिव्हची (विकलनाची) उजळणी करत बसू नये.

आणि बातमीत ‘पोलिटिकल कॅल्क्युलस’ आला, तर भाषांतरात ‘राजकीय कलनशास्त्र’ नको. आपण सरळ ‘राजकीय गणित’ म्हणतो.