आई-वडिलांची सोय लावताना या चुका टाळा

दवाखान्यातून निरोप येतो, "उद्या डिस्चार्ज." खुब्याचं ऑपरेशन झालेली आई अजून धड उठून बसत नाही आणि घरात सगळे एकमेकांची तोंडं बघतात. कुणी घरी सांभाळायला बाई पुरवणाऱ्या ब्युरोचा नंबर देतं, कुणी वृद्धाश्रमाचं नाव सुचवतं. जे आधी मिळेल ते ठरतं. आमच्याकडेही असंच ठरलं होतं.

'घरी की आश्रमात?' इथूनच सुरुवात करणं

त्याआधी दोन दिवस वहीत लिहून काढा. उठवायला एक माणूस लागतं की दोन? संडासापर्यंत जाता येतं की डायपर आहे? पाणी पिताना ठसका लागतो का? रात्री किती वेळा जाग येते, उठून दाराची कडी काढली जाते का? यातली रात्र कुणी मोजतच नाही. दिवसा शेजारीपाजारीही हातभार लावतात, पण रात्री दोनला उठायचं ते घरच्यांनीच. आमच्याकडे सांभाळायला पगारी मावशी होती, पण फक्त दिवसाची; रात्री वडील उठायचे. तीन आठवड्यांत त्यांचीच पाठ धरली आणि घरात दोन आजारी झाले.

वही भरली की निम्मे पर्याय आपोआप गळतात. माणूस हिंडतं-फिरतं, फक्त एकटं पडलंय, तर डबा, विरंगुळा केंद्र आणि बाथरूममध्ये धरायला दांड्या एवढ्यावर भागतं. नाकातून नळी, लघवीची पिशवी, पाठीला जखम असेल, तर साधा वृद्धाश्रम उपयोगाचा नाही. बरेच आश्रम फक्त चालत्या-फिरत्यांनाच घेतात. म्हणून पहिल्याच भेटीत विचारा: "उद्या अंथरुणाला खिळले तर ठेवाल, की न्यायला सांगाल?" उत्तर गुळमुळीत आलं, तर ते 'न्यायला सांगू' असंच समजा.

मावशीला नर्स समजणं

आंघोळ, भरवणं, कपडे, डायपर ही मावशींची कामं. नळी बदलणं, जखमेचं ड्रेसिंग यांना प्रशिक्षित नर्सच हवी. दोन्ही कामं एकीवर टाकली की दोन्ही बिघडतात. 'चोवीस तासांची बाई' हाही जरा फसवा शब्द आहे, कारण तिलाही झोप लागते. रात्र जड असेल तर बारा-बारा तासांच्या दोघी लावा. सुट्टीच्या दिवशी बदली कोण येणार, हे ब्युरोकडून आधीच लिहून घ्या. जे स्वतः कूस बदलू शकत नाहीत, त्यांची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते. माकडहाडावर किंवा टाचेवर लाली दिसली आणि बोटाने दाबूनही ती जात नसेल, तर शय्याव्रणाची, म्हणजे पडून राहिल्याने होणाऱ्या जखमेची, सुरुवात समजून डॉक्टरांना दाखवा.

'वय झालं' म्हणून सोडून देणं

परवापर्यंत नातवाशी पत्ते खेळणारे आजोबा दोन दिवसांत असंबद्ध बोलायला लागले, तर तो स्मृतिभ्रंश असेलच असं नाही. लघवीचा संसर्ग, रक्तातलं सोडियम उतरणं, नवी सुरू झालेली गोळी, अशी कारणं निघतात आणि बहुतेकदा त्यांवर उपचार होतो. अशा वेळी संस्था शोधत बसू नका, आधी दवाखाना गाठा.

एकदाच, दुपारी, आधी कळवून संस्था बघणं

दुसरी फेरी संध्याकाळी जेवणाच्या वेळी मारा. पानात काय आहे, भरवायला किती जण आहेत ते बघा. रात्री किती माणसं असतात, दवाखान्यात कोण नेतं, डायपर आणि औषधांचं बिल वेगळं का, अनामत कधी परत मिळते, हे सगळं कागदावर घ्या. जमलं तर आधी महिनाभरच ठेवून बघा.

कागद शेवटासाठी ठेवणं

सत्तरी ओलांडलेल्यांना, उत्पन्न कितीही असो, ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. कुटुंबातल्या अशा सगळ्या ज्येष्ठांना मिळून वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार, पण दवाखान्यात भरती झाल्यावरचे. मावशींचा पगार किंवा आश्रमाची फी त्यातून निघत नाही.

याहून मोठी चूक कुलमुखत्यारपत्राची, म्हणजे आपल्या वतीने व्यवहार करायचा अधिकार दुसऱ्याला देणाऱ्या कागदाची. ते करून ठेवलं की निश्चिंत, असं लोकांना वाटतं. पण आपल्या कायद्यात, ते देणाऱ्याची मती गेली की मुखत्यारीही संपते. म्हणजे नेमक्या गरजेच्या वेळी कागद निकामी, आणि मग त्यांच्यासाठी कायदेशीर पालक (गार्डियन) नेमून घ्यायला कोर्टाची पायरी. तेव्हा विसरभोळेपणा थोडा आहे तोवरच संयुक्त खातं, नामनिर्देशन, मृत्युपत्र उरकून घ्या.

घर मुलाच्या नावे बक्षीसपत्राने करायचं असेल, तर 'सांभाळ करण्याच्या अटीवर' हे शब्द त्यात असू द्या. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्यातल्या कलम २३ नुसार मुलाने अट मोडली, तर ते बक्षीसपत्र न्यायाधिकरणाकडून रद्द करून घेता येतं. अटच नसेल तर हा मार्ग फार अवघड होतो. कुठे जायचं ते कळत नसेल, तर ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७.

परदेशातल्या भावाकडे फक्त पैसे मागणं

पैसे तो पाठवतोच. त्याच्याकडून सुट्टी मागा. वर्षातले ठरलेले तीन आठवडे त्याने इथे येऊन आईजवळ राहायचं आणि इथल्या बहिणीने घराबाहेर पडायचं. त्या रात्री काढल्या की फोनवरून येणाऱ्या सूचनाही कमी होतात.

आणि आईला विचारा. आमची आई मावशींना आंघोळ घालू देईना, म्हणून आम्ही चार दिवसांत दोन बायका बदलल्या. तिसऱ्या बाईंनी तिलाच विचारलं, "काकू, आंघोळ कधी करता तुम्ही?" आई म्हणाली, "चहा झाल्यावर. आणि दार लोटून."