मायामीचा चॅनल 4 कोणाचा? लोकल टीव्ही स्टेशनची वंशावळ काढायला बसणाऱ्यांसाठी

अमेरिकेत माध्यमांचा अभ्यास करायला गेलेल्या, किंवा प्रसारण कंपन्यांची कागदपत्रं तपासणाऱ्या ऑफिसात नव्याने लागलेल्या माणसाच्या गळ्यात सुरुवातीलाच एक काम पडतं: अमुक शहरातल्या अमुक स्टेशनचा इतिहास आणि मालकी दोन पानांत लिहून द्या. दिसायला किरकोळ, पण नवखे यात हमखास फसतात.

आपल्याकडून गेलेल्यांची अडचण मुळातच वेगळी असते. झी मराठी किंवा कलर्स मराठी एका ठिकाणाहून उपग्रहावर चढतं आणि कोल्हापूर काय, नागपूर काय, सगळीकडे तेच दिसतं. अमेरिकेत एनबीसी, सीबीएस, एबीसी, फॉक्स ही नेटवर्कं कार्यक्रम पुरवतात, पण हवेत सोडतं ते त्या त्या शहरातलं स्टेशन. एफसीसी, म्हणजे तिथला केंद्रीय दूरसंचार आयोग, परवाना देतो तो स्टेशनला. काही मोठ्या शहरांतली स्टेशनं नेटवर्कने स्वतः विकत घेतलेली असतात. बाकीची दुसऱ्याच मालकांची असून कराराने नेटवर्कशी जोडलेली असतात, ती ॲफिलिएट. करार संपला की नेटवर्क जातं, स्टेशन आणि मालक जागच्या जागी राहतात. उलट मालक बदलला तरी नेटवर्क तेच राहू शकतं.

तेव्हा लिहायला घेण्याआधी तक्ता आखा. रकाने सहा: तारीख, परवानाधारक, त्यामागची मूळ कंपनी, कॉल साइन (म्हणजे डब्ल्यूटीव्हीजेसारखं अक्षरी नाव), चॅनल क्रमांक, नेटवर्क. एका ओळीत एकच बदल टिपायचा. दोन गोष्टी एकाच दिवशी बदलल्या तर दोन ओळी करा, कंटाळा करू नका. सरावासाठी मायामीसारखं शहर नाही, कारण तिथे या सहापैकी प्रत्येक रकाना कधी ना कधी हललेला आहे.

डब्ल्यूटीव्हीजे 21 मार्च 1949 रोजी चॅनल 4 वर सुरू झालं. फ्लोरिडातलं पहिलं टीव्ही स्टेशन, मालक वोमेट्को, नेटवर्क सीबीएस. 1984 मध्ये वोमेट्को केकेआर या गुंतवणूक कंपनीने घेतली आणि 1987 मध्ये केकेआरकडून एनबीसीने डब्ल्यूटीव्हीजे 27 कोटी डॉलरना विकत घेतलं. इथे नवखा माणूस नेटवर्कच्या रकान्यात लगेच एनबीसी लिहून मोकळा होतो, आणि तिथेच चुकतो. सीबीएसशी असलेला करार संपायचा होता. त्यामुळे 1988 अखेरपर्यंत एनबीसीच्या मालकीचं स्टेशन सीबीएसचे कार्यक्रम दाखवत होतं, आणि एनबीसीचे कार्यक्रम होते शेजारच्या चॅनल 7 वर, एड ॲन्सिन यांच्या सनबीमच्या डब्ल्यूएसव्हीएनवर.

1 जानेवारी 1989 ला खांदेपालट झाला. एनबीसी 4 वर आलं. सीबीएसने टीव्हीएक्सकडून 5 कोटी 90 लाख डॉलरना घेतलेल्या डब्ल्यूसीआयएक्सवर, म्हणजे चॅनल 6 वर, आपलं दुकान मांडलं. डब्ल्यूएसव्हीएन फॉक्सकडे गेलं. तेव्हा फॉक्स अगदी नवं होतं, म्हणून ॲन्सिननी रिकामी वेळ बातम्यांनी भरून काढली. चॅनल 6 स्वस्त का पडलं, हे कळायला मालकीची कागदपत्रं पुरत नाहीत, तांत्रिक फाइल काढावी लागते. ऑर्लँडोतही एक चॅनल 6 होतं. दोघांत ठरलेलं अंतर राखण्यासाठी मायामीच्या 6 चा टॉवर पार दक्षिणेला होमस्टेडच्या बाजूला होता, आणि उत्तरेकडच्या ब्रॉवर्ड काउंटीत चित्र धड दिसत नसे. ऑगस्ट 1992 च्या अँड्र्यू चक्रीवादळात तो टॉवरही कोसळला.

मग 10 सप्टेंबर 1995. त्याची मुळं मायामीत नव्हतीच. मे 1994 मध्ये फॉक्सने न्यू वर्ल्ड कंपनीची डझनभर स्टेशनं आपल्याकडे वळवली. बिथरलेल्या सीबीएसने जुलैमध्ये वेस्टिंगहाउसशी करार केला. त्यात वेस्टिंगहाउसच्या मालकीचं फिलाडेल्फियाचं स्टेशन केवायडब्ल्यू सीबीएसकडे आलं, म्हणून तिथलं सीबीएसच्या मालकीचं डब्ल्यूसीएयू नकोसं झालं. ते एनबीसीने घेतलं आणि बदल्यात डेन्व्हर व सॉल्ट लेक सिटीतली स्टेशनं आणि मायामीचा चॅनल 4 सीबीएसला दिला. डब्ल्यूटीव्हीजेचं अख्खं बिऱ्हाड, म्हणजे नाव, माणसं, बातम्या आणि एनबीसी, 4 वरून 6 वर हललं. सीबीएस 6 वरून 4 वर आलं आणि त्याने डब्ल्यूएफओआर असं नवं नाव घेतलं. ब्रॉवर्डमधली सिग्नलची रड आता एनबीसीच्या वाट्याला आली. म्हणून ‘डब्ल्यूटीव्हीजे 1949 पासून’ हेही बरोबर आणि ‘मायामीत चॅनल 4, 1949 पासून’ हेही बरोबर, पण आज ती दोन वेगळी स्टेशनं आहेत. वर्धापनदिनाच्या जाहिरातींतून इतिहास उचलणारे इथेच आपटतात.

याच्या उलटा प्रकार चॅनल 10 चा. तिथे 1957 मध्ये डब्ल्यूपीएसटी सुरू झालं, नॅशनल एअरलाइन्सच्या उपकंपनीचं. हा परवाना मिळवताना आयोगाचे सदस्य रिचर्ड मॅक यांच्यावर पडद्याआडून वजन टाकल्याचं उघड झालं, मॅक यांना 1958 मध्ये राजीनामा द्यावा लागला आणि पुढे परवानाही गेला. नोव्हेंबर 1961 मध्ये त्याच क्रमांकावर डब्ल्यूएलबीडब्ल्यू आलं ते नव्या परवान्यावर. प्रेक्षकाला फरक जाणवला नसेल, कारण क्रमांक तोच आणि नेटवर्कही तेच, एबीसी. पण परवान्याचा धागा मध्येच तुटलेला आहे, आणि आजच्या डब्ल्यूपीएलजीचा इतिहास 1961 पासून धरायचा. (पीएलजी ही अक्षरं वॉशिंग्टन पोस्टचे प्रकाशक फिलिप एल. ग्रॅहम यांची. पोस्टचीच प्रसारण कंपनी पोस्ट-न्यूजवीकने स्टेशन घेतल्यावर 1970 मध्ये हे नाव आलं.)

आता कागदपत्रं कुठे मिळतात ते. जुन्या काळासाठी एफसीसीची हिस्टरी कार्ड्स पाहा. टाइपरायटरवर भरलेल्या या कार्डांच्या स्कॅन केलेल्या प्रती आहेत आणि साधारण 1980 च्या आसपासपर्यंतच्या नोंदी त्यांत सापडतात. ही कार्डं म्हणजे स्टेशनचा सातबारा समजा. ‘सीपी’ म्हणजे कन्स्ट्रक्शन परमिट, उभारणीची परवानगी. सीपी मंजूर झाल्याची, प्रक्षेपण सुरू झाल्याची आणि पक्का परवाना मिळाल्याची तारीख वेगवेगळी असते, आणि स्टेशन बहुधा पक्क्या परवान्याआधीच हवेत गेलेलं असतं. अलीकडच्या व्यवहारांसाठी एफसीसीची एलएमएस ही ऑनलाइन नोंदवही आहे, त्याआधीची सीडीबीएस. मधली, म्हणजे ऐंशीच्या दशकातली आणि नव्वदच्या सुरुवातीची वर्षं खरी डोकेदुखी. तिथे ‘ब्रॉडकास्टिंग’ साप्ताहिकाचे जुने अंक चाळावे लागतात. ‘चेंजिंग हँड्स’ सदरात किंमत आणि विकणारा-घेणारा मिळतो, ‘फॉर द रेकॉर्ड’मध्ये अर्जांच्या नोंदी. त्यांचं वार्षिक यीअरबुक सोयीचं आहे, पण अंकावरचं वर्ष आणि आतल्या माहितीचं वर्ष एक नसतं. माहिती आदल्या वर्षी गोळा झालेली असते.

शोध नेहमी फॅसिलिटी आयडीने, म्हणजे एफसीसीने प्रत्येक स्टेशनला दिलेल्या क्रमांकाने करा. कॉल साइन बदलते, दुसऱ्या शहरातलं स्टेशन ती उचलतं. आयडी मालक किंवा नाव बदललं म्हणून बदलत नाही.

अर्जांचे तीन प्रकार ओळखता आले पाहिजेत. फॉर्म 314 म्हणजे परवाना एका संस्थेकडून दुसरीकडे देणं. 315 मध्ये परवानाधारक तोच राहतो, त्याच्या वरच्या कंपनीचा ताबा बदलतो. 316 हा छोटा फॉर्म घरातल्या घरातल्या फेररचनेसाठी. डब्ल्यूएफओआरची वरची कंपनी पाहिली तर वेस्टिंगहाउस, व्हायकॉम, सीबीएस कॉर्पोरेशन, व्हायकॉमसीबीएस, पॅरामाउंट अशी नावं लागतात. वाचणाऱ्याला वाटतं दर वेळी विक्री झाली. 2005 अखेरची फाळणी आणि 2019 चं एकत्रीकरण, दोन्ही वेळा अंतिम ताबा रेडस्टोन कुटुंबाच्या नॅशनल अम्यूझमेंट्सकडेच होता. ऑगस्ट 2025 मध्ये स्कायडान्स आलं तेव्हा तो खरोखर हलला.

व्यवहाराच्या तारखा चार असतात: घोषणा, अर्ज, मंजुरी आणि प्रत्यक्ष पूर्तता. अर्जाची जाहीर सूचना निघाली की हरकतींसाठी 30 दिवस मिळतात. मंजुरी मिळाली म्हणजे विक्री झाली असं नाही. तक्त्यात जाते ती पूर्ततेची तारीख, आणि पूर्ततेची नोटीस सापडली नाही तर ओळ लिहायचीच नाही. जुलै 2008 मध्ये एनबीसीने डब्ल्यूटीव्हीजे पोस्ट-न्यूजवीकला 20 कोटी 50 लाख डॉलरना विकायचं जाहीर केलं, बातम्या छापून आल्या, आणि डिसेंबरमध्ये सगळं बारगळलं. निव्वळ कात्रणांवर विसंबणारा इथे एक खोटा मालक घुसडतो.

किंमत हवी असेल तर अर्जाला जोडलेला खरेदीकरार उघडा. तरी दर वेळी आकडा मिळेलच असं नाही. 2014 मध्ये डब्ल्यूपीएलजी बर्कशायर हॅथवेकडे गेलं ते शेअरच्या अदलाबदलीत. त्या सौद्यात रोख रक्कम आणि बर्कशायरचे शेअरही होते, त्यामुळे एकट्या स्टेशनची किंमत म्हणून एखादा आकडा ठोकून देऊ नका.

आजचे भागधारक पाहायला फॉर्म 323 चा मालकी अहवाल. तो विषम वर्षांत भरतात आणि त्यात 1 ऑक्टोबरची स्थिती असते. साधारणपणे 5 टक्के मताधिकार असलेला भागधारक त्यात दिसतो, निष्क्रिय संस्थात्मक गुंतवणूकदारांसाठी ही मर्यादा 20 टक्के आहे. म्हणजे मोठा फंड नावात दिसला नाही तर तो नाहीच, असं समजू नका.

नेटवर्कचा रकाना मात्र एफसीसीच्या नोंदीवरून पूर्ण भरत नाही, कारण नेटवर्कशी नातं हा खासगी करार. त्यासाठी स्थानिक वर्तमानपत्रांचे कार्यक्रम-तक्ते ताडून पाहावे लागतात. आणि हल्ली एका स्टेशनला एकच नेटवर्क हेही उरलं नाही. 4 ऑगस्ट 2025 ला डब्ल्यूपीएलजीने एबीसी सोडलं आणि ते स्वतंत्र स्टेशन झालं. मायामीत एबीसी तेव्हापासून सनबीमच्या डब्ल्यूएसव्हीएनच्या 7.2 या उपचॅनलवर (एकाच स्टेशनच्या डिजिटल सिग्नलवरचा दुसरा चॅनल) दिसतं, 7.1 वर फॉक्स आहेच. या दिवसासाठी तक्त्यात दोन ओळी येतील: डब्ल्यूपीएलजीच्या पानावर नेटवर्क ‘नाही’, आणि डब्ल्यूएसव्हीएनच्या पानावर चॅनलच्या रकान्यात 7.2, नेटवर्क एबीसी. मालकाच्या रकान्यात दोन्हीकडे काहीच बदलत नाही.