कार्बोरेटर उघडण्याआधी: जुन्या गार्डन ट्रॅक्टरच्या पॅकिंगची तयारी

एप्रिलच्या शेवटी ओहायोत गवत भराभर वाढायला लागतं आणि मग ट्रॅक्टर खोलून बसायला सवड मिळत नाही. कार्बोरेटरचं काम मार्चमध्येच काढावं, अंगणाच्या कडेला बर्फाचे ढीग अजून वितळत असतात तेव्हा. माझ्याकडे इंटरनॅशनल हार्वेस्टरचा कब कॅडेट १२२ आहे, १९६५ ते १९६७ या काळात निघालेलं मॉडेल. त्यावर १२ अश्वशक्तीचं कोहलर के-३०१ इंजिन. हे सगळं त्याच्याशेजारी बसून लिहितोय, पण त्या काळातल्या व्हील हॉर्स किंवा जॉन डियरवरच्या एकसिलिंडर कोहलरलाही बरंचसं लागू पडेल.

दोन भागांच्या सांध्यातली गळती अडवणाऱ्या पातळ तुकड्याला इथे दुकानात गॅस्केट म्हणावं लागतं, पण माझ्या तोंडी पॅकिंगच बसलंय. लहानपणी गावाकडे विहिरीवरच्या इंजिनाचं काम निघालं की मिस्त्री पॅकिंगचा कागद थेट इंजिनाच्या तोंडावर धरायचे आणि हातोडीच्या गोल टोकाने कडेकडेने टकटक करत जायचे. कागद कडेवर तुटत जायचा, बोल्टची भोकं आपोआप पडायची आणि पाच मिनिटांत तंतोतंत पॅकिंग हातात. ते एक वाक्य नेहमी म्हणायचे: आधी बघ, हे काय अडवणार आहे, हवा की पेट्रोल? निवडीचं सगळं गणित या प्रश्नात आहे.

कार्बोरेटर इंजिनाला जिथे बसतो, तिथलं पॅकिंग हवा अडवतं. ते फाटलं की इंजिन हवा चोरतं, मिश्रण पातळ होतं, रेस आपोआप वर-खाली होत राहते आणि चोक थोडा ओढलेला ठेवल्याशिवाय गाडी धड चालत नाही. बाऊलची, म्हणजे कार्बोरेटरखालच्या पेट्रोलच्या वाटीची रिंग, बाऊलच्या खालच्या स्क्रूचा वॉशर आणि फ्लोटच्या (बाऊलमध्ये तरंगून पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तुकड्याच्या) सुईच्या सीटखालचा वॉशर, ही पेट्रोल अडवणारी मंडळी. ती बिघडली की गळती आणि सगळीकडे पेट्रोलचा वास. एअर क्लीनरच्या बैठकीखालचं पॅकिंगही हवाच अडवतं, पण तिथली गळती वेगळ्या अर्थाने वाईट: न गाळलेली धूळ थेट सिलिंडरमध्ये जाते. त्यामुळे एकदा उघडलंच आहे तर तेही नवं घालावं.

ऑर्डर देण्यापूर्वी दोष खरोखर पॅकिंगचाच आहे ना, हे तपासून घ्या. इंजिन स्लोवर चालू ठेवून कार्बोरेटर आणि ब्लॉक यांच्या सांध्यावर तेलाच्या कुपीने जाड तेलाचे दोन थेंब सोडा. आवाज बदलला, तेल आत ओढलं गेलं, तर तिथे हवा शिरतेय. बरेच जण यासाठी क्लीनरचा स्प्रे मारतात. मी मारत नाही, कारण या इंजिनांत इनटेक आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला असतात आणि तापलेला सायलेन्सर अगदी जवळ असतो. मग इंजिन बंद करून थ्रॉटलचा दांडा बोटांत धरून वर-खाली हलवून बघा. साठ वर्षांच्या कार्टर कंपनीच्या कार्बोरेटरमध्ये दांड्याचं भोक झिजून लंबगोल झालेलं असणं अगदी नेहमीचं. दांडा खडखडत असेल तर हवा तिथून जातेय. कितीही महाग पॅकिंग आणलं तरी फरक पडणार नाही, आधी बुशिंग, म्हणजे झिजलेल्या भोकात नवी नळी, बसवून घ्यावं लागेल. मी एका वर्षी हे तपासलं नाही आणि एकच पॅकिंग तीनदा बदललं.

दोष पक्का झाला की आकडे उतरवून घ्या. ट्रॅक्टरचं मॉडेल सांगून किट, म्हणजे पॅकिंगचा तयार संच, मागवू नका. साठ वर्षांत इंजिनं बदलली जातात, कार्बोरेटर तर त्याहून सहज. ब्लोअरच्या पत्र्यावरच्या पाटीचा फोटो काढा, त्यावर मॉडेल, स्पेसिफिकेशन क्रमांक आणि सीरियल क्रमांक असतात. के-३०१ च्या पुढची अक्षरंही लिहून घ्या: ए म्हणजे वेगळा ऑइल पॅन, एस म्हणजे इलेक्ट्रिक स्टार्ट, क्यू म्हणजे नंतर आलेली, कमी आवाजाची क्वाएट लाइन. मग कार्बोरेटरच्या अंगावर ओतलेला आकडा शोधा. के-२४१ आणि के-३०१ वर साधारण २६ नंबरचा कार्बोरेटर असतो, के-३२१ आणि के-३४१ वर ३० नंबरचा. तिथे कार्टर, वॉलब्रो की कोहलरचा स्वतःचा, हेही बघा. विक्रेत्याकडून एकदा मला सुंदर डबीत चुकीची रिंग आली होती. ती बाऊलच्या कडेवर बसल्यासारखी दिसली, पण पेट्रोल सोडल्यावर खाली थेंब पडायला लागले.

किटमध्ये तुमच्या कार्बोरेटरला न लागणारे एक-दोन तुकडे बहुधा निघतात, कारण एकच किट अनेक कार्बोरेटरसाठी बनवलेलं असतं. उरलेल्या तुकड्यांना घाबरू नका. उलट ब्लॉकवर बसणारं पॅकिंग मात्र त्यात अनेकदा नसतं. ते वेगळं मागवा, आणि दोन मागवा.

आता माल कसला घ्यायचा. अमेरिकेत पंपावरच्या नेहमीच्या पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि १९६५ साली रबर निवडणाऱ्यांसमोर हे पेट्रोल नव्हतं. म्हणून ‘जुना पण कोरा’ माल दिसला की हात आखडता घ्या. मला त्या पिवळ्या पडलेल्या पाकिटांचं प्रेम आहे, पण त्यातलं रबर ताठरलेलं असतं आणि कॉर्क चुरा व्हायला आलेला. पेट्रोलला भिडणाऱ्या जागी नायट्राइल रबर चालतं, इथेनॉलवाल्या पेट्रोलसाठी व्हायटन त्याहून चांगलं. हार्डवेअरच्या दुकानातल्या नळाच्या रिंगा वापरू नका. त्यातल्या काही ईपीडीएम नावाच्या रबराच्या असतात, पाण्याला उत्तम, पण पेट्रोलमध्ये फुगतात. आणि सिलिकॉनची ट्यूब कार्बोरेटरच्या आसपास आणूच नका. साधं सिलिकॉन पेट्रोलमध्ये टिकत नाही, त्याची साल निघून जेटमध्ये, म्हणजे पेट्रोलच्या बारीक भोकात, अडकते. सांधा गळतोय म्हणून लेप लावावासा वाटतो तेव्हा सांधा वाकडा असतो, हे धरून चाला.

कापायचंच असेल तर ब्लॉकवरचं पॅकिंग घरी कापता येतं. इंधन आणि तेल सोसणारा पॅकिंगचा कागद घ्या, १/६४ किंवा १/३२ इंच, जुन्याच्या जाडीला जवळचा. हातोडीची युक्ती बिडाच्या ब्लॉकवर ठीक, पण कार्बोरेटरच्या तोंडावर नको, कडा दबतात. जुन्या पॅकिंगवरून पेन्सिलने आखा, भोकं पंचाने आधी पाडा आणि बाहेरची कड शेवटी कापा. मधलं भोक कार्बोरेटरच्या तोंडापेक्षा जरासं मोठंच ठेवा. कागदाची कड आत डोकावली तर ती हवेच्या वाटेत येते.

कामाच्या दिवशी बॅटरीची वायर काढा, टाकीचा कॉक बंद करा. गॅरेजमध्ये गॅसवरचा वॉटर हीटर असेल तर काम सरळ बाहेर न्या. १२२ ची टाकी इंजिनाच्या वर आहे, पेट्रोल नुसतं उतरून येतं, त्यामुळे कॉक बंद असला तरी पाइप काढताच त्यातलं पेट्रोल सोबत येणारच. टाकीखाली काचेची गाळाची वाटी आहे, तिचं पॅकिंगही याच ऑर्डरमध्ये घ्या. इंजिनाचा वेग सांभाळणाऱ्या गव्हर्नरची तार कुठल्या भोकात आहे याचे दोन बाजूंनी फोटो काढा. वरचा मुख्य स्क्रू आणि बाजूचा स्लोचा स्क्रू हलक्या हाताने बसेपर्यंत आत फिरवा, किती फेरे झाले ते लिहा, मगच बाहेर काढा.

जुनं पॅकिंग खरवडताना घाई नको. त्या काळच्या काही पॅकिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असायचं, आणि तुमच्यातलं कुठलं ते नजरेने कळत नाही. म्हणून सगळ्यांना तसंच वागवा: पाण्याने ओलं करा, भोथऱ्या पट्टीने खरवडा, चुरा ओल्या कागदात गुंडाळून पिशवीत बंद करा. कोरडा तारेचा ब्रश किंवा हवेचा फवारा नको. इनटेकच्या तोंडात आधी चिंधी कोंबा.

मग कार्बोरेटरचं तोंड काचेवर टेकवा. मधून उजेड दिसला तर कुणीतरी बोल्ट पिळून कान वाकवलेत. काचेवर पॉलिश पेपर चिकटवून, आधी २२० आणि मग ४००, आठाच्या आकारात घासत राहा. राखाडी चमक सगळीकडे सारखी आली की थांबा.

ज्यांच्याकडे ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचा दोन भागांचा फ्लो-जेट कार्बोरेटर असेल त्यांच्यासाठी एक गोष्ट. नॉझल काढल्याशिवाय वरचा भाग खालच्यापासून वेगळा करू नका. नॉझल तिरकं खाली उतरलेलं असतं, तसंच ओढलं तर मोडतं.

जोडताना सीटखालचा वॉशर एकच आहे ना, बघा. जुना चिकटून राहतो, त्यावर नवा बसतो आणि फ्लोटची उंची बदलते. कोहलरचं माप असं: बॉडी उलटी धरली की तिच्या घासलेल्या कडेपासून फ्लोटच्या मोकळ्या टोकापर्यंत ११/६४ इंच, म्हणजे सुमारे साडेचार मिलिमीटर, १/३२ इंच इकडेतिकडे चालतं. ११/६४ चं ड्रिल बिट आडवं सरकवून मापता येतं. बाऊलची रिंग काढूनच मोजा, हे माप धातूपासूनचं आहे.

ब्लॉकवरचं पॅकिंग कोरडंच ठेवा. दोन्ही बोल्ट हाताने लावा, मग पान्याने आलटून पालटून पाव-पाव फेरा. हे इंची आटे आहेत, मिलिमीटरचा पाना ‘जवळपास’ बसतो आणि डोकी गोल करतो. इंजिन एकदा पूर्ण तापवून, पूर्ण थंड झाल्यावर दोन्ही बोल्ट पुन्हा हलकेच बघा, कागद दबलेला असतो. लिहून ठेवलेले फेरे ही फक्त सुरुवात आहे. हवेची चोरी थांबल्यावर स्क्रूची सेटिंग बदलते, म्हणून इंजिन गरम असताना दोन्ही पुन्हा लावा.

रात्री कॉक उघडा ठेवून पेट्रोल गळतंय का बघायचं असेल तर ट्रॅक्टर अंगणातच ठेवा, आणि कार्बोरेटरखाली पांढरा पुठ्ठा. सकाळी पुठ्ठा कोरा असेल तर कालचा दिवस सत्कारणी लागला. त्याच पुठ्ठ्याचा तुकडा फाडून त्यावर तारीख, किटचा क्रमांक आणि फ्लोटचं माप लिहा आणि तो सीटखाली तारेने बांधून टाका.